खेड्याचा डॉक्टर घडवायचा कुठे?

मिरजेचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. कराडचे कृष्णा १९८४ चे. पुढे सांगलीत भारती विद्यापीठाचे आले, ईश्वरपुरात म्हणजे पूर्वीच्या इस्लामपुरात प्रकाशचे आले आणि २०२१-२२ पासून साताऱ्यातही शंभर जागांचे सरकारी महाविद्यालय सुरू झाले. २०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या ३० लाख, सांगलीची २८ लाख. देशातले अनेक जिल्हे हेवा करतील एवढी वैद्यकीय शिक्षणाची सोय कृष्णाकाठी आहे. मिरजेला तर महाराष्ट्राबरोबर उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात.

असे असूनही जत तालुक्याच्या पूर्व टोकाला उमदी किंवा संख भागात राहणाऱ्या माणसाला रात्री छातीत दुखू लागले, तर तो मिरजेपेक्षा विजयपूरचा रस्ता धरतो, कारण ते जवळ पडते. शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला आधी लाँच मिळावी लागते आणि मगच दवाखान्याचा विचार. माण, खटाव, आटपाडी, पाटणचा डोंगरपट्टा, शिराळ्याचा पश्चिम भाग, सगळीकडे पहिला डॉक्टर कोण आणि तो कुठे तयार झाला, हा प्रश्न डॉक्टरांच्या एकूण संख्येने सुटलेला नाही. डॉक्टर कमी आहेत, एवढेच आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. मला हे निदान अपुरे वाटते. खेड्यात काम करायचे शिक्षण खेड्यात दिले जात नाही आणि खेड्यातल्या दवाखान्यात जे घडते त्याचा अभ्यास फार थोडा होतो, हे खरे दुखणे आहे. प्राथमिक आरोग्यसेवेवर जगभर आणि आपल्याकडे जे संशोधन झाले आहे, ते या दोन जिल्ह्यांच्या जमिनीवर ठेवून पाहिले की हे स्पष्ट दिसते.

या गोष्टीची सुरुवात मिरजेतच झाली होती. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये सांगलीत आले, नंतर मिरजेला गेले आणि १८९४ मध्ये तिथे त्यांचे रुग्णालय उभे राहिले. एकट्याने कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी आसपासच्या गावांना ते पुरणार नाही, हे त्यांच्या लवकर लक्षात आले असावे, कारण तीन-चार वर्षांतच त्यांनी स्थानिक तरुणांना वैद्यकीय सहायक म्हणून शिकवायला सुरुवात केली. त्या काळी देशात डॉक्टरांचे दोन थर होते. एक पदवीधर आणि दुसरे लायसेन्शिएट, म्हणजे कमी मुदतीचे शिक्षण घेऊन परवाना मिळवलेले. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे साडेसतरा हजार पदवीधर आणि जवळजवळ तीस हजार लायसेन्शिएट होते. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा बहुतेक वेळा हा दुसरा गट असे.

भोर समितीने हा थर बंद करायचा आणि सगळ्यांसाठी एकच ‘मूलभूत डॉक्टर’ घडवायचा, असे सुचवले. समितीतल्या काही सदस्यांनी याला लेखी विरोध नोंदवला होता. समितीचा हेतू उदात्त होता. शहराला एक डॉक्टर आणि खेड्याला कमी शिकलेला दुसरा, ही विषमता तिला नको होती. हा नवा डॉक्टर समाजाचा डॉक्टर असावा, प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे वेगळे प्रशिक्षण त्याला मिळावे, असेही अहवालात होते. प्रत्यक्षात लायसेन्शिएट गेले आणि समाजाचा डॉक्टर काही आला नाही. एमबीबीएसचे शिक्षण मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात स्थिरावले आणि सामाजिक वैद्यक हा विषय विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘पीएसएम’ होऊन परीक्षेपुरता उरला. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने हीच व्यथा पुन्हा मांडली. त्यानंतर महाविद्यालयांनी तीन-तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी, अशी योजनाही आली. गाड्या आल्या, शिबिरे झाली. शिकवण्याचा गाभा मात्र हलला नाही.

सत्तरच्या दशकाकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण महाराष्ट्रात तेव्हा जे घडले त्याकडे सगळे जग पाहत होते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या बनवले. पुण्याजवळ वढूला डॉ. बानू कोयाजी यांनी केईएम रुग्णालयाच्या आधाराने ग्रामीण प्रकल्प उभा केला. आणि मिरज तालुक्यात मिरज मेडिकल सेंटरने डॉ. एरिक राम यांच्या पुढाकाराने एकात्मिक आरोग्यसेवेचा प्रयोग केला. जामखेडएवढे त्याचे नाव झाले नाही. मला मात्र तो आजच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात स्वतःची वेगळी यंत्रणा उभारण्यापेक्षा सरकारी आरोग्य केंद्रे, तिथल्या परिचारिका आणि कर्मचारी यांच्याबरोबरच काम करायचे, असा मार्ग होता. रुग्णालय, शासन आणि गाव एकत्र आले तर काय होऊ शकते, याचा धडा आपल्याच तालुक्यात गिरवला गेला होता. आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला तो कुणी सांगत नाही.

आता संशोधन काय म्हणते ते पाहू. १९६१ मध्ये केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि इंग्लंडमधील आकडेवारी जुळवून एक साधा हिशेब मांडला. एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर महिन्याभरात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात भरती होतात आणि फक्त एक जण विद्यापीठाच्या रुग्णालयात पोहोचतो. आपला विद्यार्थी साडेचार वर्षे शिकतो तो या एका माणसाच्या आजारावर. बाकीच्या २४९ जणांची दुखणी, म्हणजे अंगदुखी, चक्कर, तीन दिवसांचा ताप, बरा न होणारा खोकला, झोप न येणे, पांढरे जाणे, मुलाचे न जेवणे, ही त्याला वॉर्डात भेटतच नाहीत. भेटतात ती पहिल्या नोकरीच्या पहिल्या सोमवारी, ओपीडीत रांग लावून, आणि विचारायला बाजूला कुणी नसते.

दुसरा मुद्दा सातत्याचा. नॉर्वेमध्ये सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला. ज्यांचा फॅमिली डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांच्यात तातडीने रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी दिसले. ही तुलना डॉक्टर नुकताच, वर्षभरापूर्वी बदललेल्या लोकांशी होती. अशा अभ्यासातून कार्यकारण पूर्ण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी ओळखीचा डॉक्टर हे स्वतःच एक औषध आहे, असे आपले आजी-आजोबा ज्या खात्रीने म्हणत, तिला इथे मोठा आधार मिळतो. प्राथमिक सेवेच्या अभ्यासक बार्बरा स्टारफील्ड यांनी आयुष्यभर हेच मांडले. प्राथमिक सेवा भक्कम असलेल्या देशांत आरोग्य अधिक चांगले राहते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या खेड्यात काम करणारे ज्युलियन ट्युडर हार्ट यांचे नाव मला इथे आवर्जून घ्यायचे आहे. जिथे चांगल्या उपचाराची गरज सर्वांत जास्त, तिथेच तो सर्वांत कमी मिळतो, हा नियम त्यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. कराड आणि जत यांची तुलना केली तर त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण हार्ट नुसते लिहून थांबले नाहीत. त्यांनी आपल्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजला, नोंदी ठेवल्या, पंचवीस वर्षे पाठपुरावा केला आणि मग शेजारच्या गावाशी मृत्यूंची तुलना करून दाखवली. गावचा डॉक्टर संशोधक असू शकतो, किंबहुना तो असलाच पाहिजे, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

आपल्याकडे तसे काही झाले का? झाले आणि तेही साताऱ्यात. आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्र व राज्य सरकारे यांनी मिळून २०१७-१८ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम काही निवडक जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, सिंधुदुर्ग आणि वर्ध्याबरोबर सातारा होता. या उपक्रमात नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. तिशी ओलांडलेला कुणीही कोणत्याही कारणाने आरोग्य केंद्रात आला की त्याचा रक्तदाब मोजायचा. जास्त निघाला तर सगळीकडे एकच ठरलेली औषधांची पायरी, अ‍ॅम्लोडिपिनपासून सुरुवात. एका वेळी महिन्याच्या गोळ्या. प्रत्येकाचे उपचार कार्ड. आणि ज्यांनी तारीख चुकवली त्यांची यादी काढून त्यांना फोन करायचा किंवा आशाताईंना घरी पाठवायचे.

ही शेवटची यादीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या ओपीडीत समोर आलेल्या रुग्णाचा विचार होतो, न आलेल्याचा होत नाही. रक्तदाबाचा रुग्ण तर बरे वाटले की येणे बंद करतो आणि तीन वर्षांनी अर्धांगवायू होऊन थेट मिरजेच्या किंवा कराडच्या अतिदक्षता विभागात दिसतो. देशभरातल्या पहिल्या टप्प्यात या उपक्रमात साडेपाच लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे मोठ्या रुग्णालयांपेक्षा सरस ठरली, असे प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. घराजवळचा दवाखाना, ओळखीची सिस्टर आणि नियमित गोळ्या एवढ्यावर हे जमले. पण साताऱ्यात झालेले हे काम आज किती एमबीबीएस विद्यार्थ्यांना केंद्रात बसून, कार्डे हाताळत शिकवले जाते? आपल्या जिल्ह्यात तयार झालेले ज्ञान आपल्याच महाविद्यालयांच्या वर्गात पोहोचत नसेल, तर दोष अभ्यासक्रमाचा आहे आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा आहे.

संशोधनाचा दुसरा धडा घाटापलीकडचा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर-महाड लागते. त्या महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत होती आणि पाठ्यपुस्तकात त्यावर उपयोगी पडेल असे फारसे काही नव्हते. बावस्कर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, नाडीचे बदल, सगळे तासातासाला लिहीत गेले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध या दंशावर वापरून त्यांनी मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून अगदी एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आणले. यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. लागली ती वही, चिकाटी आणि आपल्या रुग्णांचा प्रश्न हाच संशोधनाचा प्रश्न आहे, ही जाण.

आपल्या भागातला तसाच प्रश्न सर्पदंशाचा. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. पाटणला भातलावणीत, शिराळ्यात, नदीकाठच्या उसात घोणस आणि नाग भेटतात, आणि मण्यार रात्री अंथरुणात शिरते. मण्यारीचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे माणूस पोट दुखते म्हणून उठतो, घसा धरल्यासारखा वाटतो, पापण्या जड होऊन खाली येतात. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटेची पोटदुखी आणि उतरलेल्या पापण्या या तीन गोष्टी एकत्र जोडणारा डॉक्टर त्या क्षणी समोर हवा. पोटदुखीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवणारा डॉक्टर त्या वेळी उपयोगाचा नाही.

घोणस चावली असेल तर विष रक्ताच्या गोठण्यावर जाते. ते ओळखायची चाचणी कुठल्याही आरोग्य केंद्रात होते. स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची, त्यात रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त घालायचे आणि वीस मिनिटे तिला हातही लावायचा नाही. मग हळूच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे, प्रतिविष सुरू करा. नळी प्लॅस्टिकची असेल तर चाचणी फसवते. डिटर्जंटने धुतलेली असेल तरी फसवते. मुलाला प्रतिविष मोठ्या माणसाइतकेच लागते, कारण साप मूल पाहून कमी विष सोडत नाही. प्रतिविषाची प्रतिक्रिया आलीच तर अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी भरून ठेवलेले हवे. हे सगळे पुस्तकात आहे. पण काचेची नळी केंद्रात शिल्लक आहे का, सिस्टरला वीस मिनिटांचे महत्त्व माहीत आहे का, मांत्रिकाकडे गेलेले दोन तास नातेवाइकांना न दुखावता कसे विचारायचे, हे पुस्तकात नाही. मिरजेत एमबीबीएस झालेले आणि साताऱ्यात बारा वर्षे वैद्यकीय व्यवसाय केलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाकडे वळले. रुग्णाची समजूत आणि त्याचा आजार वेगळे काढता येत नाहीत, हे गावात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला रोज अनुभवावे लागते.

आता गावात प्रत्यक्ष कोण बसले आहे, ते उघडपणे बोलले पाहिजे. विट्याच्या, वडूजच्या किंवा कवठेमहांकाळच्या बाजारादिवशी कुठल्याही आडव्या गल्लीत पाहा. बाहेर चपलांची रांग, आत एक बाक, टेबलामागे डॉक्टर आणि बाजूला गोळ्यांच्या पुड्या बांधणारा कंपाउंडर. भाजी विकून आलेली आजी गुडघा दाखवते, इंजेक्शन मागते, डॉक्टर ते देतात आणि ती संध्याकाळच्या एसटीला वेळेत पोहोचते. तिचा रक्तदाब बहुधा मोजला जात नाही. हा डॉक्टर बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. गावात राहतो, रात्री दार उघडतो, उधारीवर औषध देतो. आरोग्यवर्धिनी उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारीही महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणात आयुर्वेद पदवीधर आहेत, सहा महिन्यांचे जोडशिक्षण घेतलेले. म्हणजे आपली प्राथमिक सेवा सरकारी असो वा खासगी, ज्यांच्या खांद्यावर उभी आहे, त्यांना आधुनिक औषधांचे शिक्षण आपण अर्धवट दिले आहे.

कायद्याने हा प्रश्न तुकड्या-तुकड्यांनी हाताळला. १९९२ च्या अधिसूचनेने आयुर्वेदाच्या डॉक्टरांना काही मुभा मिळाली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला. २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून इंडियन मेडिकल असोसिएशन रस्त्यावर उतरली. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी लक्षपूर्वक वाचले. एमबीबीएस डॉक्टरांचा आक्षेप खरा आहे की वर्षभरात औषधशास्त्र येत नाही. दुसऱ्या बाजूचे उत्तरही खरे आहे की गावात तुम्ही येत नाही. दोघांच्या भांडणात एक गोष्ट कुणी बोलत नाही: हे एक वर्ष शिकवायचे कुठे आणि कुणाच्या हाताखाली?

या बाबतीत छत्तीसगडचा अनुभव उपयोगी आहे. २००१ मध्ये त्या राज्याने तीन वर्षांचा ग्रामीण वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. विरोधामुळे तो पुढे बंद पडला, पण तयार झालेले पदवीधर आरोग्य केंद्रांत नेमले गेले. नंतर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या आजारांच्या उपचारात हे तीन वर्षांचे पदवीधर एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले. आयुष पदवीधर त्यांच्या मागे राहिले. याचा अर्थ आयुषचे डॉक्टर कमी बुद्धीचे, असा नाही. जे काम करायचे आहे त्याच कामाचे शिक्षण मिळाले, तर पदवीची लांबी फारशी आड येत नाही, हा तो धडा. जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात रुग्णाचा वेष घेतलेली प्रशिक्षित माणसे दवाखान्यांत पाठवून केलेला अभ्यास आणखी अस्वस्थ करतो. तोच सरकारी डॉक्टर आपल्या खासगी दवाखान्यात अधिक मन लावून तपासत होता. म्हणजे ज्ञान होते, पण सरकारी टेबलावर ते वापरले जात नव्हते. शिक्षणाबरोबर कामाची परिस्थिती, देखरेख आणि मान या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या.

देखरेख नसली की काय होते ते सांगली जिल्ह्याने पाहिले आहे. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले. ते प्रकरण एका होमिओपॅथी पदवीधराच्या रुग्णालयाशी जोडलेले होते. सांगलीत शून्य ते सहा वयोगटात २००१ मध्ये हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या, २०११ मध्ये ८६७. गर्भलिंगनिदानात सगळ्या पॅथींच्या पदव्या असलेली माणसे सापडली आहेत, त्यामुळे एकाच पॅथीला दोष देणे अन्यायाचे होईल. पण गावचा डॉक्टर एकटा, कुणाशीही न जोडलेला, कुणालाही हिशेब न देणारा राहिला, तर चांगला डॉक्टर शिकत नाही आणि वाईट डॉक्टर सापडत नाही. साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गर्भलिंगनिदानाविरुद्ध जे करून दाखवले, ते काम खरे तर आरोग्ययंत्रणेचे होते.

सक्तीच्या उपायाचे काय? सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सेवा द्यावी लागते. बॉण्डवर आलेला तरुण डॉक्टर आरोग्य केंद्रात येतो तेव्हा त्याच्या टेबलावर पीजी-नीटची पुस्तके असतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या वर्षात त्याला शिकवायला कुणी नाही, त्या वर्षाची कुठल्याही पदव्युत्तर शिक्षणात गणती नाही. कागदपत्रे, बैठका, शवविच्छेदने, पोलीस प्रकरणे यांत त्याचा दिवस जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण महिला डॉक्टरने आत्महत्या केली. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. पण वैद्यकीय अहवालांसाठी दबाव येतो, अशी तक्रार तिने आधी केली होती, हे समोर आल्यावर साऱ्या महाराष्ट्राला हादरा बसला. मुलीला तालुक्याच्या गावी नोकरीला पाठवणारे आई-वडील आता काय विचार करत असतील? सुरक्षित निवास, मागे उभा राहणारा वरिष्ठ आणि तक्रारीची तत्काळ दखल यांशिवाय ग्रामीण सेवेचे कुठलेही धोरण टिकणार नाही.

जगाचा अनुभव सांगतो की सक्तीपेक्षा निवड आणि शिक्षणाची जागा यांचा परिणाम मोठा असतो. जपानमध्ये १९७२ मध्ये सुरू झालेले जिची वैद्यकीय विद्यापीठ प्रत्येक प्रांतातून मोजके विद्यार्थी घेते, त्यांची फी माफ करते आणि त्यांच्याच प्रांतात नऊ वर्षांची सेवा घेते. त्यातले पुष्कळ जण मुदत संपल्यावरही ग्रामीण भागात राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० आणि २०२१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी घ्या, त्यांना ग्रामीण भागातच शिकवा, यावर भर आहे. आपल्याकडे सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९६९ पासून विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला एक गाव दिले आणि पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण सेवेची अट घातली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये ग्रामीण सेवेची तयारी असलेल्यांसाठी एमबीबीएसच्या दहा टक्के जागा राखण्यास मान्यता दिली. त्यात सेवा न करणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद होती. भीती दाखवून आणलेला डॉक्टर पंधरा वर्षे एकाच गावात राहील आणि नॉर्वेसारखे निष्कर्ष देईल, असे मला वाटत नाही.

सातत्याचा प्रश्न आपल्याकडे आणखी कठीण आहे, कारण इथे रुग्णही स्थलांतर करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बीडसह मराठवाड्यातून ऊसतोड कामगार कृष्णा-वारणाकाठी येतात. जत-आटपाडीकडची माणसेही कोयता घेऊन निघतात. कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहणाऱ्या गरोदर बाईचे कार्ड तिच्या गावी असते, लसीकरण अर्धे राहते, मण्यार याच कोप्यांत शिरते. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अशा अनेक बायका सहा महिने आपल्या दोन जिल्ह्यांत असतात. त्यांच्या अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर इथल्याच कुणी तरी साधे, योग्य उपचार वेळेवर केले असते, तर किती जणी वाचल्या असत्या, हा संशोधनाचा प्रश्न आहे. साखर कारखाने, जिल्हा परिषद आणि महाविद्यालय तिघेही शेजारी असताना तो आपणच विचारायला हवा.

करायचे काय, ते फार अवघड नाही. नॅशनल बोर्डाने फॅमिली मेडिसिनचा तीन वर्षांचा डीएनबी आणि २०२० पासून दोन वर्षांची पदविका उपलब्ध केली आहे आणि ती जिल्हा रुग्णालयात चालवता येते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा निवासी प्रशिक्षण आता सक्तीचे आहे. सातारा आणि सांगलीने हे धागे एकत्र बांधावेत. दोन वर्षांच्या प्रशिक्षणातले निम्मे दिवस ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जावेत: जतला, दहिवडीला, पाटणला, तापोळ्याला. जत भागात जाणाऱ्याला कामापुरती कन्नड शिकवावी. काही आठवडे चांगल्या खासगी फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात जावेत. त्याच केंद्रात बॉण्डवरच्या एमबीबीएसला, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आणि बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टरला एकाच ज्येष्ठाच्या हाताखाली शिकवावे. बॉण्डचे वर्ष या प्रशिक्षणात मोजावे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने प्रबंधासाठी शहरातली प्रश्नावली वाटत फिरण्यापेक्षा आपल्या केंद्रातल्या एकाच प्रश्नाचा वर्षभर पाठपुरावा करावा. सर्पदंशाचे किती रुग्ण काचेच्या नळीपर्यंत पोहोचले, रक्तदाबाचे किती रुग्ण तारीख चुकवतात आणि का, द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्याला दिवसाखेर काय होते, महापुरानंतरच्या तापात नेमके काय असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्या गावच्या डॉक्टरांनी जे पाहिले, त्यातले बहुतेक कुणीच लिहून ठेवलेले नाही.

कराड, विटा, वाई, फलटण, तासगावात तीस-चाळीस वर्षे दवाखाना चालवलेले डॉक्टर आहेत. तीन पिढ्यांची घरे त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या ओपीडीत विद्यार्थ्याला एक खुर्ची द्यावी. मिरज आणि साताऱ्याच्या सरकारी महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी त्यांना शिक्षक म्हणून मान आणि मानधन द्यावे. दोन्ही जिल्हा परिषदांनी आपल्या एकेका चांगल्या आरोग्य केंद्राचे दार यासाठी उघडावे. आणि वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत आपल्या आरोग्य केंद्राबद्दल डॉक्टर आहे का, एवढेच विचारून थांबू नये. तो किती दिवस राहणार आहे आणि त्याला शिकवणारे कोण आहे, हेही विचारावे.